सहाशे अकरावी फ्रेम

फोटोतला माणूस हलत नाही, हा त्याचा केवढा मोठेपणा आहे ते मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

त्याआधीची बावीस वर्षं मी एका फोटोच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून लोकांचे चेहरे दुरुस्त करत होते. मुरूम पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी करायची, टकलावरची चकाकी कमी करायची. गटफोटोत कुणाचे डोळे मिटलेले निघाले, तर त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायचे. या डोळ्यांच्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एका शाळेच्या फोटोत मी अकरा मुलांचे आणि एका मुख्याध्यापकांचे डोळे उघडले होते. मुख्याध्यापक फोटो बघून खूश झाले. म्हणाले, "एवढ्या उन्हातही मी कसा सावध दिसतोय बघा!"

मग दुकान बंद झालं. लोक आता आपापले चेहरे फोनवर स्वतःच दुरुस्त करतात, आणि ते कसे करतात याबद्दल मी तोंड उघडणार नाही. मालकांनी जाता जाता जाहिराती करणाऱ्या एका स्टुडिओत शब्द टाकला आणि मी तिथे शिकाऊ एडिटर म्हणून लागले. "हिला फोटोतलं सगळं येतं," असं मालकांनी सांगितलं होतं. पण तिथे फोटो नव्हतेच. तिथे जे काही होतं ते सगळं हलत होतं.

मला शिकवायला जी होती ती माझ्या लेकीच्या वयाची, सव्वीस-सत्तावीसची. तिला मी मास्तरीण म्हणते. आधी मनातल्या मनात म्हणायचे, मग एकदा तोंडून निसटलं, तिनं ओ दिली, आणि तेच नाव पडलं. मास्तरीण मनानं चांगली, फक्त बोलताना माणसाकडे बघत नाही. तिची नजर सदा मॉनिटरला खिळलेली. तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्या उजव्या कानाशी बोलायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. घरी पेपर वाचणाऱ्या नवऱ्याशी मी सत्तावीस वर्षं तसंच बोलत आले आहे.

चौथ्या महिन्यात तिनं मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. कानाच्या मशीनची जाहिरात होती. एक आजीबाई हातात फोन धरून स्वयंपाकघरातून निघतात, पॅसेजमधून चालत बाहेरच्या खोलीत खिडकीशी येतात, आणि वाटभर फोनमधल्या लेकीशी हसत बोलतात. कॅमेरा त्यांच्या खांद्यामागून चालतो. सगळं एका दमात घेतलेलं, बेचाळीस सेकंद. फक्त फोनमध्ये लेक नव्हती. काचेच्या जागी नुसता हिरवागार चौकोन होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार काळ्या फुल्या. त्या हिरव्याच्या जागी मी लेक बसवायची होती.

"सेकंदाला पंचवीस फ्रेम," मास्तरीण मॉनिटरला म्हणाली. "म्हणजे एक हजार पन्नास फोटो समजा मावशी. फक्त प्रत्येकात फोन थोडा सरकलेला. आधी चार फुल्या पकडायच्या, म्हणजे आपलं चित्र फोनला चिकटून चालेल. मग हिरवं काढायचं. मग काचेवर आलेली बोटं परत वर आणायची. आणि आवाज बंद ठेवायचा."

"आवाज का बंद?"

"आवाज चालू असला की माणूस ऐकत बसतो. बघायचं राहून जातं."

जाहिरातीतली लेक होणारी नटी पुढच्या आठवड्यात यायची होती. तोवर तात्पुरता कुणाचाही चेहरा चालणार होता. "घरचं कुणी असेल तर बघा," मास्तरीण म्हणाली, "कॉलवर बोलतंय असं. बेचाळीस सेकंद पुरे."

घरचं कुणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला.

माझी लेक दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. तिकडचं घड्याळ आमच्या चार तास पुढे आहे. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. लहानपणी गुबगुबीत होती आणि ठुमकत चालायची म्हणून मी तिला ठमी म्हणायला लागले, आणि आता ती काठीसारखी झाली तरी ठमीच म्हणते. रविवारी सकाळी दहाला तिचा व्हिडिओ कॉल येतो. आधी तिचे बाबा बोलतात. त्यांनी जन्मभर फोन कानालाच लावला, त्यामुळे पाच मिनिटं तिला बाबांचा फक्त कान दिसतो. ती कानाला विचारते, "बाबा, गोळ्या वेळेवर घेताय ना?" कान हो म्हणतो. मग फोन माझ्याकडे येतो.

सुरुवातीला ती कॉलवर माझी बारकाईनं तपासणी करायची. "आई, चष्म्याची दांडी वाकलीय." "आई, गालाला काय लागलंय?" "झोप झालेली दिसत नाही तुझी." मी वैतागायचे. पण हे सगळं बोलताना तिची नजर मात्र खाली असायची. पापण्या अर्ध्या झुकलेल्या, मांडीवर काहीतरी ठेवून वाचत असावी तशा. मला वाटायचं, ही माझ्याशी बोलता बोलता दुसरंच काही करतेय, नाहीतर माझ्यापासून काहीतरी लपवतेय. सहा महिन्यांपूर्वी एका रविवारी माझा पारा चढला. तो चढायला फार काही लागत नाही. मी म्हटलं, "आईशी बोलायचं तर डोळ्याला डोळा देऊन बोल. नजर चोरूनच बोलायचं असेल तर फोन करू नकोस."

तिनं मान हलवली. म्हणाली, "बरं."

पुढच्या रविवारपासून ती सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलायला लागली. अगदी टक लावून. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, स्पष्ट बोललेलं बरं असतं." ते पेपरमागून हं म्हणाले.

आणि तेव्हापासूनच ती माझ्यापासून लांब जायला लागली. बघायची माझ्याकडे, पण तिला माझं काही दिसायचं नाही. चष्म्याबद्दल अवाक्षर नाही, झोपेबद्दल नाही. मी काही गमतीचा चेहरा केला तरी तिचं तोंड तसंच. एका रविवारी सर्दीनं माझं नाक लालभडक झालं होतं, आणि ही बया मला तिकडच्या हवामानाबद्दल सांगत बसली. वीस मिनिटांचे कॉल दहावर आले, दहाचे सातावर. मी मनाची समजूत घालायचे की पोरगी मोठी झाली, तिला तिची कामं आहेत. समजूत काही पटायची नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी केस कापले. कमरेपर्यंतचे होते, मानेपर्यंत केले. सगळ्यांना सांगितलं की दिवसभर खुर्चीत मान टेकून बसायचं तर अंबाडा टोचतो. खरं कारण वेगळं होतं. माझे केस म्हणजे ठमीचा जीव की प्राण. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यामागे उभी राहायची आणि माझी वेणी सोडून पुन्हा घालायची. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा तिनं माझी वेणी घातली होती, आणि शेवटच्या पेडाला आल्यावर ती सोडून पुन्हा पहिल्यापासून घातली होती. मला बघायचं होतं की एवढं झाल्यावर तरी हिच्या लक्षात येतं का.

तीन रविवार गेले. तिन्ही रविवारी ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती आणि केसांबद्दल एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या रविवारी फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. ती परत यावी असं माझं म्हणणं नव्हतं. तिचं काम चांगलं आहे, तिचं आयुष्य तिनं जगावं. मला फक्त एवढंच हवं होतं की तिनं मला बघावं. पूर्वी बघायची तसं, दोष काढत. त्या एवढ्याशा गोष्टीसाठी माझा जीव तुटत होता.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मास्तरणीनं मला ते हिरव्या फोनचं काम दिलं. रविवार नसताना लेकीला फोन करायला आपल्याला कारण मिळालं, याचाच मला कोण आनंद झाला. ठमीची त्या दिवशी उशिराची पाळी होती, ती घरीच होती.

"आई? काय झालं?" फोन उचलताच तिनं विचारलं.

"काही झालेलं नाही. काम आहे. पन्नास सेकंद माझ्याकडे बघून बोल. काहीही बोल, ओठ हलले म्हणजे झालं. आवाज वापरणार नाहीत."

"काहीही म्हणजे काय?"

"पाढे म्हण."

ती हसली. कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. "कितीचा?"

"सतराचा म्हण. तुझं घोडं तिथेच अडायचं."

फोनमध्ये कॉल रेकॉर्ड करायची सोय असते. वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका लागतो आणि शेजारी सेकंद पळतात. माझं सगळं ध्यान त्या ठिपक्यात: लागलाय ना, मध्येच बंद तर पडला नाही ना. पन्नास सेकंद झाल्याबरोबर मी "झालं, छान, ठेवते आता" म्हणून फोन ठेवला, कारण मास्तरीण मागे येऊन उभी राहिली होती.

मंगळवारी मी माझ्या लेकीला त्या हिरव्याच्या जागी बसवायला घेतलं आणि माझ्या नाकी नऊ आले. आजीबाईंनी फोन जरा तिरका केला की एक फुली त्यांच्या अंगठ्याखाली जायची, आणि संगणक दिसेल ती काळी वस्तू फुली समजून धरायचा. अकराव्या सेकंदाला ठमी फोनमधून निसटली, आजीबाईंच्या खांद्यावरून वर गेली आणि दाराच्या कडीवर जाऊन बसली. तिथून ती खुशाल पाढा म्हणत राहिली. मास्तरणीनं पहिल्यांदाच मॉनिटरवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघून हसली.

"मावशी, लेक हातची गेली तुमच्या."

"ती कधीच गेलीय," मी म्हटलं.

जिथे संगणकाला फुली सापडेना तिथे मी एकेक फ्रेम घेऊन हातानं कोपरे धरले. मग हिरवं काढलं, तर आजीबाईंच्या अंगठ्याला हिरवी कड राहिली आणि हनुवटीखाली हिरवट उजेड. तो उजेड घालवला तर बाई आजारी दिसायला लागल्या, म्हणून गालांत थोडी लाली भरली. तरीही काहीतरी खटकत होतं. शेवटी मास्तरणीनं दाखवलं की चालताना फोन हलला की त्याच्यातलं खरं चित्र किंचित पुसट होतं, आणि माझी ठमी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी स्वच्छ. मग मी तिलाही तेवढंच पुसट केलं. काचेवर दिव्याची एक तिरीप टाकली. गुरुवारी संध्याकाळी ती फोनमध्ये नीट राहायला लागली.

त्या तीन दिवसांत मी माझ्या लेकीला जितकं पाहिलं, तितकं तिच्या जन्मापासून पाहिलं नसेल. डाव्या भुवईत झोपाळ्यावरून पडली तेव्हाची खोक. खालच्या ओठाला सुटलेली साल. गळ्याजवळचं हाड वर आलंय, म्हणजे नीट जेवत नाही. मागच्या भिंतीवर एक खिळा आहे आणि खिळ्याला काही टांगलेलं नाही. हे सगळं रविवारीही तिथे असणार, पण रविवारी मी बोलत असते. इथे आवाज बंद होता. प्रत्येक फ्रेमला मी तिच्या चेहऱ्याचे चार कोपरे हलकेच धरून जागेवर आणत होते, आणि ती तिकडे लॅबमध्ये बसून काचपट्ट्या तपासत होती. संध्याकाळी निघताना मॉनिटर बंद करायला हात धजावत नसे. मास्तरणीला वाटलं, बाईंना कामाची गोडी लागली.

शुक्रवारी दिग्दर्शक आले. डोळे बारीक करून त्यांनी बेचाळीस सेकंद बघितले, आणि परत एकदा बघितले.

"ही मुलगी कोण?"

"तात्पुरती आहे," मास्तरीण म्हणाली. "मावशींची मुलगी."

"तात्पुरती कशाला? हीच ठेवा. तिला विचारून घ्या आणि ठेवा. काय बघते हो ही! डोळ्यांत केवढी माया आहे. काय बोलतेय एवढं?"

"सतराचा पाढा," मी म्हटलं.

ते खो खो हसले. मग मॉनिटरवर बोट ठेवून म्हणाले, "फक्त चोविसाव्या सेकंदाला ती मध्येच खाली बघते. तेवढं काढून टाका. लेकीची नजर आईवरून हलता कामा नये."

ते गेल्यावर मास्तरीण म्हणाली, "पहिल्याच कामात बाजी मारलीत. पण मावशी, तुम्ही तिला लेन्समध्ये बघायला शिकवलंत का? कॉलवर सहसा कुणी असं बघत नाही."

"लेन्समध्ये कुठे? ती माझ्याकडे बघतेय."

"तुमच्याकडे बघत असती तर तिची नजर खाली दिसली असती. कॅमेरा वर असतो ना. समोरच्याचा चेहरा असतो खाली, स्क्रीनवर. चेहऱ्याकडे बघितलं की त्याला वाटतं आपण खाली बघतोय. आणि कॅमेऱ्यात बघितलं की त्याला वाटतं आपल्याकडे बघतोय, पण आपल्याला दिसत काहीच नसतं. नुसता तो काळा ठिपका."

मी कपाळाला हात लावला. बावीस वर्षं मी फोटोच्या दुकानात काढली. बाहेरच्या खोलीत फोटोग्राफर दिवसातून शंभरदा ओरडायचा, "इकडे, लेन्सकडे बघा!" मोठी माणसं बघायची. लहान मुलं काही केल्या बघायची नाहीत, ती बाजूला उभ्या असलेल्या आईकडेच बघायची, आणि त्यांचे फोटो वाया जायचे. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या लेकीच्या बाबतीत ते मला सुचू नये!

म्हणजे तिची नजर खाली असायची तेव्हा ती मला बघत होती. चष्म्याची दांडी, गालावरचा डाग, न झालेली झोप, सगळं तिला तिथे खालीच दिसत होतं. आणि मी तिला दटावून वर बघायला लावलं. सहा महिने ती माझ्या समाधानासाठी एका काळ्या ठिपक्याकडे टक लावून बोलत होती, आणि मी तिच्यावर रुसून बसले होते.

तिला मेसेज करून विचारलं, तुझा चेहरा जाहिरातीत चालेल का. तिचं उत्तर आलं, "चालेल." पुढे काही नाही.

शनिवारी सकाळी मी तो चोविसावा सेकंद उघडला. सहाशे अकराव्या फ्रेमला तिच्या पापण्या खाली येतात, सहाशे छत्तिसाव्या फ्रेमपर्यंत खाली राहतात. सव्वीस फ्रेम, सेकंदाहून जरासं जास्त. गेले तीन दिवस मी त्यांच्यावरून पुढे-मागे गेले होते, पण माझं लक्ष कोपऱ्यांकडे होतं. आता पाहिलं तर त्या सव्वीस फ्रेममध्ये तिच्या भुवया वर चढत होत्या आणि ओठ चालता चालता थांबत होते. मास्तरणीचा नियम मोडून मी आवाज चालू केला. तोवर सतराचा पाढा संपवून ती पुढच्यावर गेली होती.

"...अठरा एके अठरा, अठरा दुणे छत्तीस, अठरा त्रिक... आई, केस..."

आणि लगेच, तिच्या आवाजावर चढून, माझा आवाज. चिडका, मोठा. "थांबू नकोस गं! वर बघ, वर!"

तिचे डोळे वर गेले. "चोपन्न," ती म्हणाली.

मी ते सात-आठ वेळा ऐकलं. तिला दिसलं होतं. न राहवून एक क्षण तिनं खाली बघितलं होतं आणि त्या क्षणात तिला माझे केस दिसले होते. आणि मी, जी तीन आठवडे नेमकी त्याच एका शब्दाची वाट बघत होते, ती लाल ठिपक्याकडे बघत तिला गप्प करत होते.

"तेवढं राहू दिलं तर नाही का चालणार?" मी मास्तरणीला विचारलं.

"दिग्दर्शकांना नकोय ते. बघणाऱ्याला वाटेल, तिचं आईकडे लक्ष नाही."

"तिचं लक्ष तिथेच आहे," मी म्हटलं. माझा आवाज फुटला असावा, कारण मास्तरणीनं खुर्ची फिरवली आणि नीट माझ्याकडे तोंड केलं. मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, केसांपासून. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तो तुकडा तुम्ही तुमच्याजवळ ठेवा मावशी. जाहिरातीत मात्र तो जाणार नाही."

मग मी माझं जुनं काम केलं. आधीच्या फ्रेममधले वर बघणारे डोळे उचलले आणि त्या सव्वीस फ्रेममध्ये एकेक करून बसवले. थांबलेल्या ओठांवर 'अठरा दुणे'चे हलते ओठ आणून लावले. भुवया खाली घेतल्या. मिटलेले डोळे मी जन्मभर उघडत आले. पण मला बघणारे डोळे काढून तिथे मला न बघणारे बसवायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली. काम संपायला दुपारचे चार वाजले. मास्तरीण मॉनिटरला नाक लावून बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "जोड कुठे आहे ते मलासुद्धा सापडत नाही." तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं कौतुक होतं. मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

रविवारी दहाला कॉल आला. कानाला मी त्या दिवशी दोनच मिनिटं दिली आणि फोन ओढून घेतला. स्वयंपाकघरात नेऊन तो साखरेच्या डब्याला टेकवला आणि समोर खुर्ची घेऊन बसले. ठमी सरळ बघत होती, डोळे मोठे करून, परीक्षेला बसल्यासारखी.

"बोल आई."

"ठमे, वर बघू नकोस."

"म्हणजे?"

"त्या ठिपक्यात बघू नकोस. खाली बघ. मी जिथे दिसते तिथे बघ."

"मग तू म्हणशील मी नजर चोरते."

"नाही म्हणणार. मी चुकले."

हे शब्द माझ्या तोंडून वर्षाकाठी एकदाही निघत नाहीत. बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी कागदाचा बाण चिकटवलाय," ती हळूच म्हणाली. "बोलता बोलता सवयीनं खाली बघितलं जायचं ना. विसरू नये म्हणून."

"काढ तो."

तिचा हात पुढे आला, मोठा होत होत सगळी काच भरून गेला, क्षणभर अंधार झाला. हात मागे गेला तेव्हा तिच्या चिमटीत कागदाचा एक चिटोरा होता. मग तिचे डोळे खाली आले. पापण्या झुकल्या, आणि मला तिचे डोळे दिसेनासे झाले. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"किती कापलेस गं," ती म्हणाली. "आणि मला सांगितलंही नाहीस."

"सांगायचं नव्हतं मला. तुला दिसायला हवे होते."

"सोमवारी दिसले. पण तू म्हणालीस वर बघ." तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं. "डोळ्यांखाली काय झालंय तुझ्या? आणि चष्मा अजून तोच? दांडी पार वाकलीय आई."

"वाकू दे."

"काय वाकू दे? उद्याच्या उद्या जाऊन नीट करून आण." तिची मान आणखी पुढे आली, तेव्हा मला तिच्या केसांतला भांग तेवढा दिसला. "मागून कसे कापलेत? बघू."

मी उठले, खुर्ची फिरवली आणि फोनकडे पाठ करून बसले. माझ्यासमोर आता भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली केरसुणी. तिचा चेहरा नाही, काही नाही. फोटो काढून घ्यायला आलेली माणसं बसतात तशी मी मान ताठ धरून, न हलता बसले. मागून कसलाच आवाज येईना. मला वाटलं, लाइन गेली.

"झालं का गं बघून?" मी भिंतीला विचारलं.

"नाही," मागून ठमीचा आवाज आला. "अजून थोडा वेळ तशीच बस."